कच्च्या कागदावरची काट

माझं डोकं मुळातच भोचक. घरापासून दूर, परक्या राज्यात न्यू टाउनमधली नोकरी सांभाळून एमबीएच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होते, तेव्हा या भोचकपणाने मला पार रडवलं. पुण्याच्या कॉलेजात नंबर लागला तर दर शनिवारी साताऱ्याला आईकडे जाता येणार होतं. बाबा गेल्यापासून ती तिथे एकटी होती. मी इथे एकटी. दिवसचे दिवस तोंडातून मराठी शब्द निघत नसे, तो निघायचा फक्त संध्याकाळी तिच्या फोनवर.

रविवारी शहरातल्या एस्प्लनेड भागातल्या क्लासमध्ये सराव परीक्षा असे. त्यात उताऱ्यांच्या भागाला चाळीस मिनिटं, चार उतारे. गणितात मी बरी होते, उताऱ्यांवर आपटायचे. एकदा मधमाश्यांवरचा उतारा आला. घरात कुणी गेलं की पोळ्यापाशी जाऊन माश्यांना तसं सांगायची कुठेतरी पद्धत आहे म्हणे. झालं, माझं डोकं तिथेच अडकलं. कोण सांगत असेल? सांगून झाल्यावर लगेच वळून घरात जात असतील, की थोडा वेळ तिथेच उभे राहत असतील? शेवटचा उतारा कोराच राहिला.

सर वैतागले. उताऱ्याशी गप्पा मारू नकोस, म्हणाले. आधी प्रश्न वाच, मग उतारा. मनात काही आलंच तर कच्च्या कागदावर एक शब्द लिही, काट मार आणि पुढे जा. उपाय साधा होता, पण लागू पडला. मार्क चढायला लागले. मला भारी गंमत वाटायची, कसलंही कुतूहल एका रेघेत गप्प.

आईचा फोन नेमका सरावाच्या वेळी यायचा. ती निवांत बोलायची. बाबांच्या स्कूटरखाली मांजर व्यायलीय, नळाला पाणी कमी येतंय, असलं काहीबाही. मी हं हं करत उतारे सोडवायचे आणि मध्येच म्हणायचे, "आई, मुद्द्याचं सांग ना." हळूहळू फोन दोन मिनिटांत आटपू लागले. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

नंबर लागला. आईला फोन केला, तिचा आवाज आनंदाने भरून आला. मग निघायचं म्हणून सरावाचे कागद आवरताना एकावर 'मांजर' दिसलं, काट मारलेलं. मला एकदम लाज वाटली. परत फोन लावून विचारलं, "पिल्लं किती झाली गं?"

"कुठली पिल्लं? ती केव्हाच गेली. स्कूटरही देऊन टाकली ना मी," आई म्हणाली. "दोन दिवस नुसती रडत होते. तुला सांगितलं होतं की."

मी कागद उलटा केला. मागच्या बाजूला माझ्याच अक्षरात 'स्कूटर' लिहिलं होतं. त्यावरही काट होती.