सरळ लावलेला काळ

दुपारी अंधेरीच्या स्टुडिओत जेवायचा डबा उघडत होते, तेव्हा सुधीरचा फोन आला. "दीपा गेली गं," एवढंच बोलला. दीपाचा नवराच तो, अजून काय सांगणार? आजार आम्हा सगळ्यांना माहीत होता. तरी डबा तसाच टाकून मी जिन्याने खाली उतरत राहिले... कुठे जायला, ते आजही सांगता येत नाही.

दीपा सिनेमाची एडिटर, मी आवाजाचं काम करणारी. एका सिनेमाने आम्हाला मैत्रिणी केलं. वर्सोव्याच्या खाडीत बुडालेल्या मुलाला वाचवायला त्याची आई पुन्हा पुन्हा मागच्या काळात जाते, अशी गोष्ट होती. काळ बदलताना दीपाने ना धूर दाखवला, ना पडद्यावर साल. आई दार लोटते आणि आत मुलगा जेवत बसलेला असतो, बस्स.

"लोकांना कळणार नाही गं," मी म्हणाले.

"त्या आईला तरी कुठे कळतंय? गोंधळू देत ना थोडा वेळ तिच्यासोबत. फक्त तिचा चेहरा सुटता कामा नये."

प्रत्येक कटनंतर ती त्या चेहऱ्यावर जरा जास्तच थांबायची.

निर्मात्याने चार ओळखीच्यांना सिनेमा दाखवला. ते गोंधळले. मग दीपाला बाजूला करून त्याने दुसऱ्याकडून सगळं सरळ, क्रमाने लावून घेतलं, वर पडद्यावर सालं टाकली. घाटकोपरला आम्ही दोघी तिकीट काढून बघायला गेलो. कोणीही गोंधळलं नाही. मुलगा बुडाला तेव्हा पुढच्या रांगेतले दोघं वेफर्स खात होते. बाहेर येताना दीपा म्हणाली, "वाट लागली यार. सगळं समजलं, आणि कोणाला काहीच झालं नाही."

त्यानंतर तिला मोठं काम मिळालं नाही. मालिकांचे प्रोमो कापत राहिली, मग आजारपण. तिने जोडलेल्या सिनेमाची हार्डडिस्क निर्मात्याने पुसून दुसऱ्या कामाला वापरली होती. ती काय करू शकायची, हे दाखवायलाही काही उरलं नाही.

गेल्या रविवारी विक्रोळीला तिच्या घरी गेले. सुधीरला मोबाइलमधले तिचे व्हिडिओ जोडून हवे होते. "हॉस्पिटलचे आधी लाव," तो म्हणाला. "आजारपणाआधी गच्चीवर पापड वाळत घालताना हसतेय ना, तो शेवटी..."

तिच्याच टेबलाशी बसून तसं लावलं. गच्चीवर दीपा हसली, "पुरे रे, बंद कर" म्हणाली आणि पडदा काळा झाला. सुधीरने खुर्ची जवळ ओढली. म्हणाला, "पुन्हा लाव."

पुन्हा हॉस्पिटलपासून सुरू झालं.