सफारीकाकूंचं नैरोबी

"त्या काकूंना नैरोबीचं विचारू नकोस, अर्धा दिवस जाईल," चहाच्या टेबलाशी एक जण बायकोच्या कानात म्हणाला. कानात म्हणजे त्याच्या मते. वेलिंग्टनजवळच्या लोअर हटच्या त्या हॉलमध्ये आवाज घुमतो. दोन पावलांवर बसलेल्या काकूंनी बशी खाली ठेवली. "अर्धा नाही रे, पूर्ण दिवस लागतो. आणि पहाटे साडेपाचला निघावं लागतं. तुझं उठणं होईल का, तेवढं आधी सांग."

तो ओशाळून हसला, त्याची बायको त्याहून जास्त हसली. मी खुर्च्या रचत होते, मी खुर्च्यांच्या आड हसले. तिथल्या मराठी मंडळात मी नवीन होते. शिकायला आले, मग वेलिंग्टनला विमा कंपनीत नोकरी लागली म्हणून हटमध्ये खोली घेतली. शाळा सगळी इंग्रजी. त्यामुळे चार माणसांत मराठी बोलायचं तर वाक्य आधी मनात जुळवून घ्यायची सवय. ते जुळेपर्यंत विषय बदललेला असायचा.

त्यांना सगळे सफारीकाकू म्हणत. नवऱ्याच्या नोकरीमुळे त्या नैरोबीला गेल्या आणि नवरा वारल्यावरही तिथेच राहिल्या. छत वर उचलता येणारी एक पांढरी व्हॅन घेतली आणि तीस वर्षं पाहुण्यांना शहर दाखवलं. पुण्या-मुंबईचं कोणी आलं की ते काकूंच्याच गाडीत. तिथले लोक त्यांना 'ममा सफारी' म्हणायचे. बारा वर्षांपूर्वी मुलाने इकडे आणलं. "आमचं उद्यान शहराला चिकटून आहे," त्या सांगायच्या. "सिंह गवतात बसलेला आणि त्याच्या पाठीमागे ऑफिसांच्या इमारती. फोटो बघून लोकांना वाटतं, कोणीतरी कापून चिकटवलाय."

त्यांच्या दिवसाचा क्रम ठरलेला होता. उजाडताना उद्यान, अकरा वाजता हत्तीची अनाथ पिल्लं बाटलीने दूध पिताना, दुपारी जिराफ, मग म्युझियम आणि शेवटी ढोल आणि नाच. "जनावरं आधी, माणसं नंतर. उलट केलंत की जनावरं झोपतात आणि माणसं जेवायला जातात." जिराफाला हातावरून खाऊ घालायचा तर अंगठा आत दुमडून घ्यायचा, हे त्या करून दाखवायच्या. त्याची काळपट, लांब जीभ हाताला सँडपेपरसारखी लागते म्हणे.

गाडीत खिडकी कोणाच्या मालकीची नसायची. दर अर्ध्या तासाने जागा बदलायच्या. आणि एखाद्या वळणावर त्या इंजिन बंद करायच्या. "आता पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही." ही सवय इथेही सुटली नव्हती. हट नदीच्या काठाने मी त्यांना फिरायला न्यायची, तेव्हा त्या मधेच माझं कोपर दाबून उभ्या राहायच्या. एकदा त्यांची नात बरोबर होती. ती जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटफट वाजवत पुढे गेली आणि ओरडली, "आजी, इट्स जस्ट अ पुकेको!" काकू तिला म्हणाल्या, "जस्ट काय? लाल चोचीचा एवढा देखणा पक्षी आहे, जरा मान ठेव." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू बरी आहेस, कॉन्व्हेंट. माझ्या गाडीत तुला पुढे बसवलं असतं. बडबड्यांना कधीच काही दिसत नाही."

माझ्या गप्प असण्याचं कोणी कौतुक केल्याची ती पहिली वेळ होती. मी त्या वाक्यावर बरेच दिवस काढले.

काकूंचे डोळे तोवर गेलेच होते म्हणायचं. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. म्हणून मंडळातलं एक जोडपं नैरोबीला निघालं तेव्हा त्यांच्यासाठी दिवसाचा कागद लिहायचं काम माझ्याकडे आलं. शनिवारी दुपारी काकू सोफ्यावर बसून सांगायच्या, मी लॅपटॉपवर टाइप करायची. "लिही. फराळ प्लास्टिकच्या पिशवीत, दोन गाठी मारून. माकडं डबा उघडतात, गाठ त्यांना सुटत नाही. पुढे लिही. हत्तींच्या गेटवर सांगा, ममा सफारीने पाठवलंय. आत सोडतील, पुढे उभं करतील."

रात्री टायपिंगच्या चुका बघताना मी सहज नेटवर पाहिलं. त्या देशात प्लास्टिकच्या पिशव्यांवर केव्हाच बंदी आली होती, पिशवी सापडली तर दंड. हत्तींकडे जायला आधी ऑनलाइन बुकिंग लागत होतं, गेटवर थेट कोणाला घेत नव्हते. मी पिशवीच्या जागी स्टीलचा डबा लिहिला. गेटवर नाव सांगायची ओळ काढली आणि तिथे बुकिंगची ओळ टाकली.

एवढंच केलं असतं तरी चाललं असतं. पण पुढच्या शनिवारी काकू म्हणाल्या, "वाचून दाखव बघू." मी कागद समोर धरला आणि त्यावर नसलेलं वाचलं. पिशवी, दोन गाठी, ममा सफारी, सगळं पाठ होतं मला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, एकेका जागी मान हलवत होत्या. मी स्वतःला सांगितलं, हा मायेपोटी केलेला खोटेपणा आहे. खरं म्हणजे समोरच्याचा चेहरा पडलेला मला बघवत नाही. लहानपणापासून मी असंच करत आले आहे, चूक दिसली की न बोलता दुरुस्त करायची आणि बाजूला व्हायचं.

जोडपं महिन्याने परतलं आणि मंडळाच्या जेवणाला थेट काकूंपाशी आलं. "काकू, दिवस अगदी तुम्ही म्हणालात तसा गेला!" बाई सांगत सुटल्या. "आणि बुकिंगचं लिहून दिलंत ते किती बरं केलंत! आमच्या पुढचे लोक गेटवरून परत गेले."

"बुकिंग?" काकू म्हणाल्या. "आणि गेटवर माझं नाव सांगितलंत?"

"तुमचं नाव? ते सांगायचं होतं का? कागदावर नव्हतं."

काकूंनी चेहरा मी उभी होते तिकडे वळवला. मी त्यांना दिसत नव्हते, तरी मी नजर खाली केली. "हो का," काकू बाईंना म्हणाल्या, "माझ्याकडूनच राहिलं असेल."

त्यांना घरी सोडायला मीच निघाले होते. सिग्नलला गाडी थांबल्यावर त्या म्हणाल्या, "तीस वर्षं गाडी चालवली मी. रस्ता बंद असला तर मागे बसलेल्यांना सांगायचं असतं. गुपचूप दुसऱ्या रस्त्याने न्यायचं नसतं. बसलेल्या माणसाला कळतं गं." सिग्नल सुटला. मी मनात वाक्य जुळवत राहिले आणि त्यांचं घर आलं. उतरताना त्यांनी दाराला धरून एवढंच विचारलं, "शनिवारी येशील ना?"

काकू आता फ्लॅट बुशला, ऑकलंडच्या एका उपनगरात असतात. मुलाने ऑकलंडला नोकरी घेतली, मोठं नवीन घर घेतलं, आणि सगळे तिकडे गेले. रविवारी त्यांचा फोन येतो. तिथे फिरायला नदी नाही, सगळी घरं एकसारखी आहेत, म्हणतात. मला अजून कॉन्व्हेंटच म्हणतात. कोणी नैरोबीला निघालं की दिवसाचा कागद आम्ही दोघी फोनवर करतो. त्या सांगतात, मी बघून काय बदललंय ते सांगते, आणि त्या दर वेळी थोडं भांडतात. ऑफिसमध्येही मी आता कोणाची फाइल न विचारता दुरुस्त करत नाही. उठून त्याच्या टेबलापाशी जाते, ते मला अजून जड जातं.

हे फोन कदाचित आलेच नसते. मंडळाच्या जेवणानंतरच्या त्या शनिवारी मी दारातूनच परत फिरणार होते. घरात सामानाची खोकी लागली होती, काकू त्याच सोफ्यावर बसल्या होत्या. त्यांनी कागद मागितला, हातात घेऊन त्यावरून बोटं फिरवली आणि मला परत दिला. "आता जे लिहिलंय ते वाच."

मी पहिल्या ओळीपासून वाचलं. स्टीलचा डबा वाचला. बुकिंगची ओळ वाचली आणि थांबले. पुढची वाक्यं या वेळी जुळवून ठेवलेली नव्हती.

"काकू, इथे तुमचं नाव होतं. ते मी काढलं. तिथे तुम्हाला ओळखणारं आता कोणी नसेल असं माझं मीच ठरवलं, आणि तुम्हाला विचारलंसुद्धा नाही."