स्वेटरसाठी गरीब शोधताना

येलदरीच्या धरणावर बदली होऊन आलो त्या वर्षी आम्ही नवराबायको नाताळच्या दिवशी उपाशी होतो, कारण गावात गरीब माणूस मिळत नव्हता.

हा उपास माझ्या बायकोचा, मार्थाचा. ती जालन्याच्या बोर्डिंगात सिस्टर लोकांच्या हाताखाली वाढलेली. नाताळला आधी एका गरिबाच्या दारी जाऊन, आपल्या हातानं, नवीकोरी वस्तू द्यायची आणि मगच घरातल्या केकला सुरी लावायची, असा तिचा नेम. जुनं दिलेलं चालत नाही. जुनं आपण वापरायचं! नेम उत्तम आहे, लग्नात मी मान्यही केला होता. पण त्या वर्षी तिनं पावसाळाभर बसून मरून रंगाचा स्वेटर विणला, आणि तो माझा आहे असं मी धरून चाललो होतो.

धरणारच की! संध्याकाळी ट्रान्झिस्टरवर गाणी लागलेली, बाहेर धरणावर ढग उतरलेले, मार्थाच्या सुया हळूहळू चाललेल्या आणि मी खाटेवर डोळे मिटून पडलेला. मिटल्या डोळ्यांपुढं मी तो स्वेटर घालून पॉवर हाऊसच्या ऑफिसात शिरायचो आणि आमचे हेडक्लार्क खुर्चीतून उठून उभे राहायचे. (ते साहेबासाठीसुद्धा उठत नसत.) नाताळच्या पहाटे मार्थानं तो स्वेटर घडी करून पिशवीत घातला, तेव्हा मला जाग आली. माझ्या वाट्याला माझा जुनाच, कोपरावर भोक पडलेला.

"नुसतं देऊन यायचं नाही हं," ती म्हणाली. "दारात गाणं म्हणायचं. आनंदाचा दिवस आहे."

निघालो. अंगात पांढरा झब्बा, वर फाटका स्वेटर, खांद्याला पिशवी, हातात खंजिरी. नदीपलीकडच्या गावात शिरलो तर धुकं इतकं, की घरं कुठली न् झाडं कुठली कळेना. मार्था येशूबाळाच्या जन्माचं गाणं म्हणायला लागली. तिचा गळा गोड. कुठंतरी वासरू हंबरलं, चुलीचा धूर आणि धुकं एक झालं, आणि मला खरंच वाटलं की आपण चालत नाही, तरंगतोय. घटकाभर मी स्वेटरसुद्धा विसरलो.

पहिलं दार उघडलं. एका म्हातारीनं आम्हाला खालीवर पाहिलं, आत गेली, सूपभर जोंधळे घेऊन आली आणि मी तोंड उघडायच्या आत पिशवीत ओतले. स्वेटरवर!

मार्था गडबडून म्हणाली, आजी, आम्ही मागायला नाही, द्यायला आलोय. म्हातारीनं ते मनावरच घेतलं नाही. "घे माय, घे. दारातून रिकामं जाऊ नी."

यात तिची चूक काय? सुगी नुकतीच झालेली. पहाटे पिशवी घेऊन, खंजिरी वाजवत देवाचं गाणं म्हणणारा माणूस मागायलाच येतो, हे त्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. द्यायला येणारा कुठं गात येतो? दुसऱ्या घरी पुन्हा जोंधळे. तिसऱ्या घरी तुरीच्या शेंगा. चौथ्या घरी तर बाईनं मार्थाला कुंकू लावून तिची ओटी भरली! नाही म्हणावं तर तिचं मन मोडतं, घ्यावं तर आम्ही भिकेला लागलेले दिसतो. शेवटी पारावरच्या मंडळींना सरळ विचारलं, इथं गरीब कोण? "आमच्या आळीत न्हाई बा," ते म्हणाले, "त्या आळीत बघा." त्या आळीनं परत ह्या आळीत पाठवलं.

मी मनातून खूश. कुणीच घेतला नाही, तर स्वेटर जातो कुठं, माझ्याकडंच येणार! पण गावाबाहेर मार्था बांधावर बसली आणि तिचे डोळे भरून आले. "आपल्या हातून कुणी घेतच नाही हो," ती म्हणाली. मग मात्र मला वाईट वाटलं. म्हटलं, जाऊ दे तो स्वेटर, पण एक गरीब मिळू दे रे देवा.

मिळाला. पुढच्या रानात रब्बीच्या जोंधळ्याची राखण करणारा कोंडिबा, उघड्या अंगानं शेकोटीपाशी बसलेला, हाडंन्‌हाडं मोजून घ्यावीत असा. मार्थानं जोंधळ्यातून स्वेटर उपसला, झटकला आणि आमचा सण आहे म्हणत त्याच्या हातात दिला. त्यानं तो गालाला लावला.

"लय ऊब हाय, माय. माझा झाला का आता?"

"तुमचाच, बाबा." मार्थाच्या तोंडावर असं समाधान मी लग्नातही बघितलं नव्हतं.

कोंडिबानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. धरणावरचा वारा माझ्या कोपराच्या भोकातून आत शिरत होता आणि माझे दात वाजत होते. तो उठला आणि स्वेटर माझ्याच डोक्यातून घातला!

"मला शेकोटी हाय, घोंगडं हाय. ह्या गड्याला कायबी न्हाई. आन् माय, थंडीचं असं दारोदार हिंडवू नको त्याला."

माझं तोंड लोकरीत अडकलेलं, त्यामुळं नको म्हणायचं राहूनच गेलं. मार्थानं गळ्यातून माझं डोकं बाहेर काढलं. मग हळूच म्हणाली, "घाला. त्यांचं होतं, त्यांनी दिलं." दुपारी ती अर्धा केक घेऊन पुन्हा त्या रानात गेली. तो मात्र कोंडिबानं एकट्यानं संपवला.

फक्त एक झालं. मार्थानं विणताना माप गरिबाचं धरलं होतं, त्यामुळं स्वेटर माझ्या बेंबीच्या वरच थांबला. तसाच घालून मी ऑफिसात शिरलो आणि हेडक्लार्क खरोखरच उठून उभे राहिले. जवळ येऊन त्यांनी विचारलं, हे काय आणि कुणी दिलं?

"आमच्या सणाला गरिबाला देतात, साहेब," मी म्हणालो. "यंदा मला मिळाला."