दुरडीखालचं पाऊल

अमडापूरच्या शेषरावांच्या घरात तीन पिढ्यांत कोंबडी शिरली नव्हती. घर माळकरी. त्यामुळे भाद्रपदात त्यांची बायको पुष्पाबाई गेल्या आणि दहाव्याच्या सकाळी पिठात कोंबडीच्या पायाचा ठसा निघाला, तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

रीत जुनीच. माणसानं जिथे प्राण सोडला तिथे ज्वारीचं पीठ चाळून पसरायचं, दिवा लावायचा आणि पिठावर दुरडी पालथी घालायची. सकाळी दुरडी उचलून बघायचं. ज्याचं पाऊल पिठात दिसेल, त्या जन्माला जीव गेला असं समजायचं. कोणाच्या घरी मुंगी निघते, कोणाच्या घरी चिमणी. इथे तीन बोटं पुढे, एक मागे, अगदी स्वच्छ.

"बाबा, दुरडीची कड तुटकी हाये," मुलगा भागवत म्हणाला. "चांगुणामावशीचं पिलू शिरलं असंल. माय त्याले रोज कण्या टाके."

"शिरलं असंल," शेषराव म्हणाले, "पण आजच काऊन शिरलं?"



चांगुणाबाईंचं घर भिंतीला भिंत लागून. त्या आणि पुष्पाबाई सुना म्हणून गावात आल्या तेव्हापासून एकमेकींच्या शेतात तण निंदायला जात. एकीनं तास धरलं की दुसरी शेजारचं धरी आणि बांध येईपर्यंत दोघींची तोंडं थांबत नसत.

बायको गेल्यावर शेषरावांनी अंथरूण धरलं होतं. पूर्वी दिवस उगवायच्या आत शेतात असणारा माणूस, आता ऊन अंगणात आलं तरी भिंतीकडे तोंड करून पडून राही. पुष्पाबाई असत्या तर दारात उभ्या राहून त्यांनी आवाज दिला असता. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच दारात ते तांबूस पिलू येऊन उभं राहिलं. मान तिरपी करून शेषरावांकडे बघून चार-सहा वेळा कलकललं.

शेषरावांनी कूस बदलली. "उठतो ना वं," ते म्हणाले.

मग रोज तेच. बायकोचं नाव त्यांनी उभ्या जन्मात घेतलं नव्हतं, ते कोंबडीसमोर तरी कसं घ्यावं? ते तिला "ऐकलं का" म्हणत. तळहातावर कण्या घेऊन बसत आणि सोयाबीनचं काय झालं, सून वंदना चहात साखर कशी कमी टाकते, सगळं सांगत. ती खाऊन झाल्यावर स्वतःही भाकर मागून घेत. सकाळी उशिराच उठत, पण उठत. दिवाळीच्या तोंडाशी तिचा तुरा लाल झाला, शेपटीला हिरवी झाक आली. खाण्यानं अंग धरलं, असं शेषरावांना वाटलं. कोंबड्यांतलं त्यांना काही कळत नव्हतं.

एके दिवशी वंदना पाणी भरून आली ती बातमी घेऊनच.

"मामाजी, चांगुणामावशीची समताताई अन् जावई येऊन राह्यले उद्या. मावशी म्हणे, आता हेच कापू. बाकीच्या अंड्यावर हायेत."

शेषरावांच्या हातातल्या कण्या खाली सांडल्या. आयुष्यात त्यांनी कोणाच्या दारी काही मागितलं नव्हतं. ते चांगुणाबाईंच्या अंगणात जाऊन नुसते उभे राहिले.

"काय झालं भाऊजी?"

"वयनी, तिले कापू नका."

"कोनाले?"

शेषरावांनी हातानं दाखवलं. चांगुणाबाईंनी कपाळाला हात लावला.

"बाप्पा! भाऊजी, आमच्या धम्मात आत्माच मानत नाईत. त कोंबडीत येईन कोठून?"

"तुमच्यात नसंल. आमच्यात हाये ना. ती तं आमच्यातली होती."

चांगुणाबाई हसू दाबून बराच वेळ त्या पाखराकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ते उचलून त्यांच्या हातात दिलं. "न्या. पण मंग परत आनून द्याचं नाई. सांगून ठेवते."

त्या रात्री शेषरावांनी तिला आपल्या खाटेखाली निजवलं. आणि पहाटे खाटेखालून आरवणं ऐकू आलं. पहिल्यांदा घसा बसल्यासारखं, मग सगळ्या आळीला ऐकू जाईल असं.

वंदनानं तोंडाला पदर लावला. भागवत तर भिंत धरून हसला. "बाबा, माय त कोंबडा निंगाली!"

शेषराव हसले नाहीत. इतके दिवस आपण कोणाशी बोलत होतो? त्यांचं तोंड एवढंसं झालं. ऊन वर आलं तसा कोंबडा काखेत धरून ते चांगुणाबाईंकडे गेले. समता आणि जावई नागसेन नुकतेच येऊन चहा पीत होते.

"घ्या वयनी. मी चुकलो. हा कोंबडा हाये."

"मले मालूम हाये. पयल्या महिन्यातच समजलं होतं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"कसं सांगू? तुम्ही भाकर खाऊन राह्यले होते." चांगुणाबाईंनी सुपातली ज्वारी बाजूला सारली. "अन् एक सांगू? पुष्पा निंदता निंदता काय म्हने माहीत हाये? म्हने, 'चांगुणे, फुडच्या जन्मी मी बाप्या होतो अन् ह्यायले बाई करतो. मंग मी पारावरून आवाज देईन, अन् हे चूल फुकतीन.'"

शेषराव काखेतल्या कोंबड्याकडे बघत राहिले. कोंबड्यानंही मान तिरपी केली. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसले. भाद्रपदानंतर पहिल्यांदाच.

"मंग घ्या परत," चांगुणाबाई म्हणाल्या. "पन जावयाले काय वाढू?"

"पुष्पा मोठ्या मायले मी खाऊ काय?" नागसेन कप खाली ठेवत म्हणाला. "आत्मा मानत नाई, पन डेरिंग बी नाई. पिठलं करा."

दुसऱ्या पहाटे कोंबडा आरवला तेव्हा सगळं घर झोपेत होतं.

"उठलो, उठलो," शेषराव म्हणाले. त्यांनी धोतर सावरलं, चूल पेटवली आणि फुंकणीनं फुंकू लागले. कोंबडा दारात उभा राहून बघत होता. धूर डोळ्यांत गेला तसे ते मागे वळले.

"ऐकलं का, पुष्पाबाई? खुश?"

चहा झाला. तो पिऊन, हरभऱ्याला पाणी द्यायला फावडं खांद्यावर टाकून शेषराव निघाले.