ओठांवरचं पाणी

काल मुलीचा खरचटलेला गुडघा पुसायला कापूस भिजवला, आणि त्या ओल्या वासाबरोबर मी नाशिकच्या त्या खोलीत जाऊन उभी राहिले. तिथे बरे न होणारे पेशंट शेवटचे दिवस काढायचे.

सातवीत माझी शाळा सुटली. हरसूलहून नाशिकला कामाला आले आणि सुट्टीच्या दिवशी तिथे मदतीला जाऊ लागले. शिक्षण किती, असं तिथल्या सिस्टरांनी कधी विचारलं नाही, हे त्यांचे उपकारच. पेशंटला पाणी गिळता येईनासं झालं की ओल्या कापसाने ओठ भिजवत राहायचे, हे त्यांनीच शिकवलं.

एकदा वणीकडच्या आजींच्या ओठांवर मी कापूस फिरवला, तर त्यांच्या लेकीने माझं मनगटच धरलं. "शेवटचं पाणी घालते काय गं? जित्ती हाय अजून माझी आई."

तेवढ्यात आजींनीच डोळे उघडले. अगदी हळू म्हणाल्या, "मेल्यावरचं मेल्यावर बघा गं बायांनो. आत्ता घसा सुकलाय."

लेक रडता रडता हसली. माझ्या हातातला कापूस तिने घेतला. "किती पिळू?" म्हणाली. तिच्या हातावर हात ठेवून मी दाखवलं. मग दुपारभर तीच आईचे ओठ भिजवत बसली.

तेव्हा वाटलं होतं, बाई माझ्यावर चिडली. आता मी इकडे सुरतेत आणि माझी आई तिकडे हरसूलला अंथरुणावर. गावाकडून फोन आला की मी लगेच उचलत नाही. वाजतोय तोवर आई आहे, असं वाटतं.