पाच नंबरला हाक

हिंगोलीत बदली झाली तेव्हा घरी मेल करायला मी रोज एका नेटकॅफेत जायचो. तो चालवणारा माणूस गिऱ्हाइकांकडे बघायचाही नाही. चष्मा कपाळावर सारून तो स्वतः लिहिलेल्या पायथन प्रोग्रॅमने तारेतून जाणारी पॅकेटं, म्हणजे मशीनं एकमेकांना धाडतात ते निरोप, पकडायचा आणि पडद्यावरची ओळ न् ओळ बोट ठेवून वाचायचा.

एकदा त्याने मला बोलावलं. "बघा सर, पाच नंबरचं मशीन जळून महिना झाला. तरी सर्व्हर इचारून राहिला, 'पाच नंबर, कुठं हायेस?'"

"मग बंद करा ते विचारणं."

"काहून? या खोलीत दुसरं कोण कुणाला हाक मारून राहिलं?"

पुढे माझी पुन्हा बदली झाली. अजून संध्याकाळी तो आठवतो. हाक मारावीशी वाटते, पण वर्षभरात त्याचं नाव मी विचारलंच नव्हतं.