आबांचा अडकलेला आवाज

रविवारी सकाळी आबांच्या खुर्चीसमोरच्या कॉम्प्युटरवर त्यांचंच जुनं बोलणं लावून मी चहा आणायला आत गेलो आणि बाहेरच्या खोलीतून एक विचित्र आवाज सुरू झाला. ड्ड्ड्ड्ड. विहिरीवरची मोटार अडकल्यासारखा. धावत आलो. पडदा जसाच्या तसा होता, माउसचा बाण मधोमध थिजलेला, आणि स्पीकरमधून आबांच्या आवाजाचा एकच तुकडा न थांबता येत होता. समोर आबा. त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर गच्च आवळलेला आणि डोळे माझ्याकडे.

आबा म्हणजे माझे वडील. मागच्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. तेही असेच अडकले होते. आईला हाक मारताना पहिलंच अक्षर तोंडात राहिलं आणि तेच पुन्हा पुन्हा येत राहिलं, आणि मग तेही बंद झालं. त्या सकाळी त्यांच्या डोळ्यांत जे होतं तेच आता मला दिसत होतं. आवाज यंत्रातून येतोय हे त्यांना कळत होतं की नाही, मला सांगता येत नाही.

बायकोने येऊन आधी स्पीकरची वायर उपटली. खोली एकदम शांत झाली. त्या शांततेची मला जास्त भीती वाटली.

आमचं मूळ गाव जत तालुक्यात. आबांचं आयुष्य मेंढरांमागे गेलं. दरवर्षी दिवाळी झाली की कळप घेऊन पश्चिमेला, उसाच्या मुलखात, आणि पाऊस लागायच्या बेताला परत. मी शिकलो, सांगलीत एका दूध संस्थेत हिशेबाला लागलो. आजार होण्याच्या आधीच्या दोन दिवाळ्यांत मी आबांना समोर बसवून त्यांची वाट मोबाईलवर बोलून घेतली होती. कुठल्या शिवारात किती रात्री मेंढरं बसवायची, तिथला शेतकरी खताच्या बदल्यात किती धान्य द्यायचा, पाणी कुठे, लांडगा कुठे. मध्येच मेंढराला घालायची हाक. मोबाईल भरला तसं ते सगळं मी कॉम्प्युटरवर घेतलं आणि पुढे तो मोबाईलही खराब झाला. म्हणजे आता आबांचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता, या खोक्यात. हिशेबाच्या माणसाला एवढी गोष्ट कळायला हवी होती.

शिवाय तो नुसता आठवणीपुरता नव्हता. बोलण्याचा सराव घेणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की यांना यांचंच जुनं बोलणं ऐकवा, त्यामागून म्हणू द्या. तसं करता करता आबा हाकेतला ‘हुर्र’ म्हणायला लागले होते. आजार झाल्यापासून त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. त्याला शब्द म्हणायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

धाकटा भाऊ फौजेत आहे, लांब उत्तरेला. बायकोच्या मोबाईलवरून त्याला फोन लावला, सुदैवाने लागला.

“दादा, आधी एक सांग. मेन स्विच बंद केलास का?”

“नाही.”

“करू नको. आपल्याकडं काय बिघडलं की पहिला हात मेनवर जातो. खोक्यावरचा लाल दिवा लुकलुकतोय का बघ. लुकलुकत असला तर डिस्क काम करतीय, हात लावायचा न्हाई.”

दिवा विझलेला होता.

“आता कीबोर्डवरचं नमलॉक दाब. तिथला दिवा बदलतो का?”

दाबलं. पुन्हा दाबलं. काही नाही. कंट्रोल, आल्ट, डिलीट एकदम दाबून पाहिलं. पडद्याने दाद दिली नाही.

“म्हंजे आतनं गप झालंय,” भाऊ म्हणाला. “थोडं थांब. न्हाईच हललं तर पॉवरचं बटण दाबून धर, बंद होईस्तोवर.”

“त्यानं फाईली जातील का?”

“नुसत्या ऐकायला उघडलेल्या फाईलीला सहसा काय होत न्हाई. सहसा म्हणतोय, दादा. लिहून देत न्हाई.”

त्या ‘सहसा’वर मी चहा निवेपर्यंत बसून राहिलो. मग बटणावर अंगठा ठेवला. आत पंखा फिरत होता, त्याची थरथर अंगठ्याला लागत होती. धरून ठेवला. थरथर थांबली आणि पडदा काळा झाला. आबांनी मान दुसरीकडे वळवली.

कॉम्प्युटर पुन्हा लावला तर तो अर्ध्या वाटेत तसाच थिजला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. या खेपेला निळ्या पडद्यावर दुरुस्तीचे पर्याय आले. त्यात एक होता सगळं पहिल्यासारखं करण्याचा. वाचायला किती चांगला. नीट वाचल्यावर कळलं की पहिल्यासारखं म्हणजे विकत आणला तेव्हासारखं, रिकामं. मी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला, चुकूनही दाबलं जायला नको म्हणून.

बाजारातल्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “घेऊन या साहेब, फॉरमॅट मारून संध्याकाळी देतो.”

“आतलं राहील का?”

“आत काय आहे?”

नंतर करतो म्हणून फोन ठेवला.

भाऊ मघापासून बायकोच्या फोनवर ताटकळत होता. “वहिनी, दादाला म्हणावं खोक्याला हात लावून बघ.”

बायकोनेच हात लावला. “आवं, तवा झालाय नुसता.”

“मग डिस्क न्हाई, पंख्याचं दुखणं असंल,” भाऊ म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदा जरा जीव आला. “सगळ्या वायरी काढा, गार होऊ द्या, मग बाजूचा पत्रा उघडा. बघा आत किती धूळ हाय.”

पत्रा उघडला. धूळ नव्हती. आत सगळं पिवळं होतं. पंख्याची पाती पिवळी, त्याखालच्या जाळीदार धातूच्या फटी पिवळ्या गच्च भरलेल्या, तळाला पिवळा थर. बायकोने बोटावर घेऊन वास घेतला. हळद. म्हणजे भंडारा.

आम्ही दोघांनी एकदमच मागे पाहिलं. आई दारात उभी होती, हातात देवाची पितळी डबी.

दसऱ्याला घरातल्या यंत्रांना भंडारा लागतो, तसा तो कॉम्प्युटरलाही लागला होता. चिमूटभर, वरून. त्याने एवढं होत नाही.

“आई, तू यात भंडारा टाकतीस?”

“व्हय. ऐतवारचा. देवाला टाकला की ह्याला टाकती.” तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. “बिरोबाचा वार न्हवं का.”

“पण आत? वरच्या जाळीतनं?”

“मग कुटं टाकू? आवाज आत हाय नव्हं तेंचा.”

भाऊ फोनवरून विचारत होता काय झालं, काय झालं. बायकोने सांगितलं. मग तो म्हणाला, “आये, किती दिस झालं टाकतीयास?”

“तेंचं बोलणं गेलं तवापासनं.”

मग तिला कोणाच्या तरी चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. तिने डबीचं झाकण लावलं. “माज्यामुळं गेला व्हय रं आवाज?” तिने मला विचारलं. मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला माहीत नसलेली गोष्ट मला बोलता येत नाही. मी म्हणालो, “बघतो.” एवढंच.

मी आबांची दाढी करतो, त्यासाठी आणलेला नवा ब्रश अजून कोरा होता. पंखा फिरू नये म्हणून पात्याला बोट लावून धरलं आणि त्या ब्रशने एकेक फट झाडत गेलो. आई खाली बसून वर्तमानपत्रावर पडणारा भंडारा गोळा करत होती. तो केरात जाऊ नये म्हणून. माझ्या बोटांना घाम येत होता आणि घामाचा थेंब आत पडेल याची मला भीती होती. आबा खुर्चीतून पाहत होते. कोणाचं तरी पोट उघडलेलं आहे आणि तो शुद्धीवर आहे, असं काहीसं वाटत होतं.

गार झाल्यावर वायरी जोडल्या, बाजूचा पत्रा उघडाच ठेवला आणि बटण दाबलं. पडदा आला. चित्र आलं. माउसचा बाण हलला. भाऊ फोनवरून म्हणाला, “काय ऐकू नको, काय उघडू नको. आधी पेनड्राइव्हवर घे.”

सगळं एकदम न घेता मी पाच पाच फाईली घेत होतो, मध्येच थिजला तर तेवढ्या तरी हातात राहतील म्हणून. हिरवी पट्टी सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची. एकदा ती इतका वेळ थांबली की बायकोने माझ्या खांद्यावर हात ठेवला, सांत्वनाला ठेवतात तसा. मग ती सरकली.

इकडच्या फाईली आणि तिकडच्या, दोन्हींची संख्या जुळवली, आकार जुळवला. मग बायकोच्या मोबाईलवर आणखी एक प्रत घेतली आणि तिच्याकडून भावालाही एक पाठवली. जुळणीने मन भरलं नाही. आकडे जुळूनही हिशेब खोटा असू शकतो, हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. ऐकल्याशिवाय खरं नव्हतं.

स्पीकरची वायर लावली आणि सकाळी अडकलेलीच फाईल पेनड्राइव्हवरून लावली. आबांचा जुना, मोकळा आवाज खोलीत आला. “...तिथनं हललो की मग कडे...” सकाळी तो इथेच अडकला होता. आबांनी झटकन डावा हात पुढे केला आणि तळवा स्पीकरवर दाबून धरला. आवाज तळव्याखाली दबून बोलत राहिला. “...गावच्या शिवारात. तिथं पानी बक्कळ, पर मानूस तिरसट.” थोडा वेळ तसाच गेला. मग त्यांनी एकेक बोट उचललं.

पुढच्या रविवारी देवपूजा झाल्यावर आई डबी घेऊन बाहेर आली. कॉम्प्युटरच्या वरच्या जाळीवर मी आता कापडाचं झाकण घालतो, वापर नसताना. ती त्याच्यापाशी थांबली.

“आता चार ठिकाणी आवाज हाय म्हनतोस,” ती म्हणाली. “त्यातला खरा कंच्यात?”

“सगळे सारखेच, आई. एका आकड्याचाही फरक नाही.”

हे तिला पटलं नाही. तिने विचार केला, चिमूटभर भंडारा घेतला आणि खुर्चीपाशी जाऊन वाकली. आबांनी हनुवटी वर केली, तिचा हात गळ्याला पोचावा म्हणून.